ओपनिंग बॅलन्स ८०० फूट

मराठी माणसाला चाळिशीत दोन गोष्टी मिळतात. एक नाकावर बसते आणि दुसरी पोटावर. नाकावरचीचा नंबर डॉक्टर सांगतो, पोटावरचीचा शिंपी. नाकावरचीचं कुणाला काही वाटत नाही. पोटावरचीसाठी मात्र डॉक्टर, शेजारी, सासुरवाडी आणि बँकेतला शिपाई असे सगळे मिळून एकच सल्ला देतात : "सायकल चालवा!" सल्ला देणाऱ्यांपैकी एकाकडेही सायकल नसते, हे ओघानंच आलं.

आमच्याकडे होती. चिरंजीवांनी हट्ट करून घेतलेली, एकवीस गिअरची, आणि तीनच महिन्यांत गॅलरीत टॉवेल वाळत घालण्याच्या कामावर रुजू झालेली. मी एक दिवस टॉवेल बाजूला करून गिअर मोजत होतो, तर ही म्हणाली, "अहो, एकवीस कशाला लागतायत तुम्हाला? बँकेत वीस वर्षं एकाच गिअरमध्ये काढलीत की!"

अशा वाक्यांनीच माणसं हिमालयात जातात. मी कोकणात जायचं ठरवलं.

सोबतीला आमचे हेड कॅशियर. हे मूळचे गुहागरकडचे. न मोजता नोट घेत नाहीत आणि न मोजता बोलत नाहीत. त्यांची सायकल काळी, बावीस इंची, बिनगिअरची. "गिअर पायात असावेत," हे त्यांचं त्या वर्षातलं सर्वांत लांब भाषण. मार्ग त्यांनीच आखला : दापोली, दाभोळ, तिथून खाडी ओलांडून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, पुन्हा खाडी ओलांडून जयगड, मग मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे आणि रत्नागिरी. सव्वाशे-दीडशे किलोमीटर, मुक्काम दोन, महिना डिसेंबर. दिशा मात्र उत्तरेकडून दक्षिणेकडेच. कारण दुपारी समुद्रावरचा वारा वायव्येकडून येतो आणि दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवतो. उलट निघालात तर तोच हात छातीवर येतो.

आता थोडा भूगोल. शाळेत आपण महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर असं पाठ केलं. ते गुण मिळवण्यापुरतं ठीक होतं. सायकलवाल्याला तो किनारा आडवा नाही, उभा भेटतो. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या समुद्राला मिळताना रुंद खाड्या होतात. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचं सपाट पठार असतं, त्याला म्हणायचं सडा. रस्ता खाडी सोडली की सड्यावर चढतो, आणि सडा संपला की खाडीवर, नाहीतर नारळी-पोफळीतल्या एखाद्या वाडीवर उतरतो. पुन्हा चढतो. पुन्हा उतरतो. नोकरदाराच्या पासबुकासारखंच हे. एक तारखेला वर, वीस तारखेला तळाशी.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे या प्रवासाचं रीतसर खातं उघडलं. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फुटांवर आहे. म्हणजे ओपनिंग बॅलन्स ८०० फूट. पहाटे निघालो तेव्हा एवढी शिल्लक गाठीशी असल्याचा मला अभिमानच वाटला. पण दाभोळच्या खाडीवर उतरेपर्यंत तीसेक किलोमीटरमध्ये ती सगळी उडाली. वर मधल्या चढांनी व्याजही वसूल केलं.

एका चढावर सायकल हातात धरून चालताना मी कुरकुर केली. हेड कॅशियर म्हणाले, "इथल्या मुरुडचे कर्वे साताऱ्याला चालत गेले." पुढचं मला ठाऊक होतं. महर्षी कर्वे १८७५ साली परीक्षेसाठी मुरुडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला पोचले, आणि वयानं लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. केवढा अन्याय! पण खरं सांगतो, त्या चढावर मला कुणी "लहान दिसता, परत जा" म्हणालं असतं, तर मी त्याच्या पाया पडून दापोलीला परतलो असतो.

दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातलं मोठं बंदर. घोडे, कापड, यात्रेकरू, सगळा व्यवहार इथून चाले. आता धक्क्यावर मोटारी, मोटारसायकली, कोंबड्यांच्या पाट्या आणि आम्ही. २००३ पासून इथून पलीकडच्या धोपाव्याला गाड्या नेणारी फेरीबोट चालते. ती नसेल तर खेड-चिपळूणवरून शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा. बोटीत सायकल एका कोपऱ्यात टेकवायची, कठड्याला धरून उभं राहायचं आणि एक पैचंही पेडल न मारता पुढे सरकायचं. माझ्या खात्यात या प्रवासाची नोंद मी 'अनपेक्षित लाभ' अशी केली आहे. गंमत म्हणजे, दाभोळच्या नावानं गाजलेला तो वीजप्रकल्प दाभोळला नाहीच. तो खाडीच्या पलीकडे, अंजनवेलला. बदनामी या तीरावर आणि विजेचे खांब त्या तीरावर!

धोपाव्यापासून पुढे मात्र सायकलस्वाराचं राज्य सुरू होतं. दहा-दहा मिनिटं एक गाडी येत नाही. सड्यावरचं गवत सोनेरी झालेलं, मध्येच चिऱ्याची खाण, काजूचं कलम, आणि वळणावर अचानक खाली समुद्र. चेनची करकर, आपला श्वास आणि लांबून कुणाच्या तरी अंगणातला कोंबडा, एवढेच आवाज. एका चहाच्या टपरीवर म्हातारबुवांनी दोन्ही सायकलींकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "गाडी बंद पडली काय?" आम्ही म्हटलं, हौस म्हणून आलोय. त्यांनी न बोलता चहात जास्त साखर घातली.

दुसऱ्या दिवशी गुहागरहून निघून पालशेत, वेळणेश्वर करत हेदवीला पोचलो. हेदवीला बामणघळ आहे. काळ्या खडकातली अरुंद चीर. भरतीला तिच्यात लाट घुसली की पाण्याचा फवारा उंच उडतो. ओहोटीला गेलात तर नुसती चीर दिसते आणि येण्याजाण्याचा हिशेब अंगावर पडतो. मी मोबाइल काढला, तर रेंज नव्हती. हेड कॅशियरनी आकाशाकडेही न पाहता विचारलं, "तिथी?" मी म्हटलं, "चतुर्थी." "चार पावणे तीन. तीन वाजता." किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, आणि रोज ती पाऊण तासानं पुढे सरकते. आमच्या बँकेत एक गृहस्थ रोज असेच पुढे सरकत येतात, पण त्यांना पंचांगात जागा नाही. तीनच्या सुमारास फवारा उडाला. लहानपणी पाऊणकीसाठी खाल्लेल्या छड्यांपैकी निदान एक वसूल झाली.

संध्याकाळी तवसाळच्या धक्क्यावर पोचलो. समोर जयगड, मध्ये शास्त्री नदीची रुंद खाडी, पाण्यावर तांबूस ऊन. बोटीत शेजारी एक बाई होत्या, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. बाकावर त्यांच्या सासूबाई पाय वर घेऊन बसल्या होत्या. इतक्या सुंदर वेळी काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "किती शांत आहे हो वहिनी तुमच्याकडे!"

"होय तर," त्या म्हणाल्या. "रात्री बोट बंद झाली की अजून शांत होतं."

मग त्यांनी सांगितलं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सकाळची वेळ दिली होती. सकाळी निघून वेळेवर पोचता येत नाही, म्हणून आदल्या रात्री पलीकडे भाचीकडे मुक्काम. एका तपासणीला दोन दिवस. "मागच्या पावसात आत्यांच्या छातीत दुखायला लागलं रात्री. तेव्हा तर फारच शांत होतं. पूल व्हायला हवा हो दादा."

जयगडच्या मुक्कामी खाटेवर पडल्या पडल्या माझ्यातला वाणिज्य पदवीधर जागा झाला. दुहेरी नोंदीचा पहिला नियम असा, की एका खात्यात जमा पडली की दुसऱ्या कुठल्यातरी खात्याला ती नावे पडतेच. हा रस्ता शांत का? कारण खाड्यांनी तो जागोजागी तोडलाय. मुंबई-गोवा महामार्ग वाशिष्ठी ओलांडतो चिपळूणला आणि शास्त्री ओलांडतो संगमेश्वरला, म्हणजे नद्या अरुंद असतात तिथे. ट्रक, बस, घाई, हॉर्न, सगळं तिकडून जातं. इकडे उरतो तो कोंबडा आणि आपला श्वास. माझ्या खात्यात जी शांतता जमा झाली, ती त्या वहिनींच्या खात्याला नावे पडलेली होती. दोन दिवसांचं एक्स-रे पाकीट हाच तिचा व्हाउचर.

सागरी महामार्गाची गोष्ट बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून ऐकू येते, आणि ते मुख्यमंत्री होते १९८० ते १९८२. रेवस ते रेडी मार्गावर बांधायच्या पुलांच्या यादीत या दोन्ही खाड्या आहेत. पूल झाले की गाड्या येतील, हॉर्न येतील, सड्यावर हॉटेलं येतील आणि एक तीर दुसऱ्या तिराला अर्ध्या रात्रीही हाक मारू शकेल. तेव्हा ज्यांना हा रस्ता सायकलीवरून पाहायचाय, त्यांनी लौकर जाऊन यावं. शनिवार-रविवार सोडून जावं, पाण्याच्या दोन बाटल्या आणि पंक्चरचं सामान न्यावं. आणि धक्क्यावर "पूल होऊ नये" असं मोठ्यानं म्हणू नये. शेजारी कुणाच्या हातात कसलं पाकीट असेल, सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकापाशी थांबलो. गणपतीपुळ्याचं दर्शन घेऊन आरे-वारेच्या वळणावर दोन्ही बाजूंचा समुद्र बघत अर्धा तास बसलो, आणि संध्याकाळी रत्नागिरीच्या मांडवीवर पाण्यात पाय सोडले. क्लोजिंग बॅलन्स : शून्य फूट. मधले सगळे चढ आणि उतार जुळले, पैचाही फरक नाही. फक्त गुडघे ताळेबंदाशी सहमत नव्हते.

मी हेड कॅशियरना विचारलं, "पूल झाले तर पुन्हा याल का?"

त्यांनी थोडा वेळ मोजलं. "येईन की. पूल मध्ये उंच असतो. अर्धा चढ, अर्धा उतार. हिशेब जुळतो." मग बऱ्याच वेळानं, जणू पावती द्यायची राहिली होती तशी, पुढे म्हणाले, "आणि त्या आत्या पहाटेच्या एस्टीनं निघून वेळेवर पोचतील."

त्यांचं त्या वर्षातलं हे दुसरं लांब भाषण.