नऊ हजार माणसांचा जिल्हा आणि एक मशीद

गेल्या जानेवारीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोटो आला. चहूकडे पांढरे बर्फ, लोखंडी कमान, कमानीवर चाँद-तारा आणि मागे एक लहानशी चौकोनी इमारत. वर घुमट, चारी कोपऱ्यांवर छोटे मिनार. खाली त्याने लिहिले होते, “सर, अस्सलामु अलैकुम. ओळखा हे कुठले? तुम्ही नकाशात कधी दाखवले नव्हते.”

हा मुलगा आधी आखातात गेला, तिथून टेक्सासला आणि आता नॉर्थ डकोटात, तेलविहिरींच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या कंपनीत. मी वीस वर्षे भूगोल शिकवतो, मराठीतून आणि उर्दूतूनही. पण मला ओळखता आले नाही. उत्तर आले : रॉस, माउंट्रेल काउंटी.

मी नकाशा काढून बसलो आणि पुढचे दोन महिने त्या काउंटीतून बाहेरच पडलो नाही. त्याला एक कारण होते, ते नंतर सांगतो.

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे एकक. माउंट्रेल काउंटी नॉर्थ डकोटाच्या वायव्य भागात आहे. पाणी धरून क्षेत्रफळ सुमारे 5,000 चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या सिंधुदुर्गाएवढे. सिंधुदुर्गात 2011 च्या जनगणनेनुसार साडेआठ लाख माणसे राहतात. माउंट्रेलमध्ये 2020 साली होती 9,809. चौरस किलोमीटरला दोन माणसे. आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात यापेक्षा जास्त गर्दी असते.

जमीन सपाट नाही, लाटांसारखी उंचसखल. हजारो वर्षांपूर्वी हिमनद्या मागे हटल्या आणि जागोजागी खळगे ठेवून गेल्या. त्यांत पाणी साठते आणि पाखरे उतरतात. गवताळ माळ, गव्हाची शेते आणि दक्षिणेला मिसुरी नदीवरचा प्रचंड जलाशय, लेक साकाकाविया. हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत उतरतो. मुलगा म्हणतो, “वुजूचे पाणी हातावरून निथळायच्या आत जाकिटात हात घालावे लागतात.”

या माळावर 1887 मध्ये रेल्वे आली, तीच पुढे ग्रेट नॉर्दर्न कंपनीची झाली. 1862 च्या होमस्टेड कायद्याने सरकार 160 एकर जमीन देत होते. अट अशी की तिथे घर बांधायचे, पाच वर्षे राहून ती कसायची. नागरिक नसलेल्यालाही मिळे, फक्त नागरिक व्हायचा इरादा नोंदवावा लागे. नॉर्वे, स्वीडन, जर्मनीहून लोक आले. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही सीरियन मुसलमान कुटुंबेही आली. आज त्यांची गावे लेबनॉनमध्ये येतात, तेव्हा ती उस्मानी साम्राज्यात होती. त्यांच्यातले काही जण आधी घोडागाडीतून फेरीचा धंदा करत हिंडले आणि मग रॉसजवळ जमीन घेऊन स्थिरावले.

त्यांच्यातल्या एका बाईची हकिकत 1930 च्या दशकाच्या अखेरीस सरकारी उपक्रमात लिहून घेतली गेली. मंदीच्या काळात बेकार लेखकांना काम म्हणून गावोगावच्या लोकांच्या आठवणी नोंदवायला लावले होते. बाईचे नाव मेरी जुमा. नाव मेरी, आडनाव जुमा! मशीद नव्हती तेव्हा नमाज घराघरांत होई, रमजान संपला की सगळे एकमेकांच्या घरी जात, असे तिने सांगितले आहे. वाचताना मला आमच्या मोहल्ल्याची ईद दिसली. फक्त शिरखुर्म्याऐवजी तिथे काय असेल ते ठाऊक नाही.

1929 मध्ये या लोकांनी मशीद बांधली. अर्धी जमिनीत, तळघरासारखी. अमेरिकेत मशीद म्हणूनच बांधल्या गेलेल्या अगदी पहिल्या इमारतींपैकी ती एक. सीडर रॅपिड्सची प्रसिद्ध मशीद 1934 ची, म्हणजे पाच वर्षांनी धाकटी. शिकागो नाही, न्यूयॉर्क नाही, जिथे आजही जेमतेम शंभर माणसे राहतात त्या गावाजवळ ही मशीद उभी राहिली.

पण साल बघा. 1929. त्याच वर्षी मंदी आली, पाठोपाठ दुष्काळ आला. 1930 च्या शिरगणतीत काउंटीत तेरा हजारांवर माणसे होती. मग उतरती कळा लागली आणि 2000 साली आकडा 6,631 वर आला. नॉर्वेकरांची पोरे गेली, तशी सीरियनांचीही. जे राहिले त्यांच्या मुलांची लग्ने आसपासच्या ख्रिस्ती घरांत झाली. अरबी विसरली गेली. मशिदीत नमाजी उरले नाहीत. 1970 च्या दशकाच्या शेवटी ती मोडकळीला आलेली इमारत पाडून टाकली.

इथे मी थांबलो होतो. आता ते कारण सांगतो.

आमच्या गावी, खाडीकाठी, आमचा सोळा घरांचा मोहल्ला आहे. त्यातली तीन घरे उघडी. बाकीची मुंबईत, कुवेतमध्ये, कुलुपात. मशिदीत फज्रला तीन माणसे असतात, त्यातले एक चाचा खुर्चीवर बसून नमाज पढतात. छप्पर दोन पावसाळ्यांपासून गळते आहे. दुरुस्तीचा खर्च सहा लाख. डिसेंबरमध्ये मुंबईत जमातीची मीटिंग झाली, तेव्हा उठून बोलणारा मीच होतो. म्हणालो, “तीन माणसांसाठी सहा लाख? त्या पैशात सहा मुलांचे शिक्षण होईल. आकडे बघा जरा.” मी शिक्षक, माझे बोलणे लोकांनी ऐकले. ठराव पुढे ढकलला गेला. कोपऱ्यात बसलेले खुर्चीवाले चाचा एवढेच म्हणाले, “तुझा बाप तिथेच आहे बेटा. त्याला कुठल्या आकड्यात धरलास?”

मला राग आला होता. भावनेचा मुद्दा हिशेबात आणतात, असे वाटले होते. अब्बा जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते.

म्हणून रॉसची मशीद पाडली हे वाचून मला, खरे सांगतो, आधी थोडे बरे वाटले. बघा, शहाणी माणसे असेच करतात.

पण मशीद पाडली तरी कब्रस्तान राहिले. काउंटीच्या नोंदीत राहिले, आणि ज्यांचे आजी-आजोबा तिथे होते त्यांच्या मनात राहिले. 2005 मध्ये त्या पहिल्या कुटुंबांपैकी एका घरातल्या लेकीच्या इच्छेने तिथे पुन्हा छोटी मशीद बांधली गेली. वंशज आणि स्नेही पुढे आले, आणि त्यांतले कित्येक आज ख्रिस्ती आहेत. ज्यांना स्वतःला तिथे नमाज पढायची नाही, त्यांनी ती बांधली. माझ्या विद्यार्थ्याने फोटो काढला ती हीच इमारत.

त्यात बसणारी माणसे मोजाल तर माझेच म्हणणे खरे ठरेल. मुलगा म्हणाला, “सर, आत गेलो. दोन रकात पढलो. एकटाच होतो, पण एकटे वाटले नाही.”

गंमत अशी की अमेरिकेची शिरगणती धर्म विचारतच नाही. वंश विचारते, वय विचारते. त्यामुळे माउंट्रेलमध्ये किती मुसलमान हा आकडा सरकारी तक्त्यात कुठेच नाही. आपल्याकडे तो असतो आणि आपण त्यावरून भांडतो. तिथे आकडा नाही, पण लोखंडी कमान आहे.

मात्र या काउंटीची गोष्ट एवढ्यावर संपवली तर ती अर्धी राहील. ही जमीन रिकामी नव्हती. काउंटीच्या दक्षिण भागात फोर्ट बर्थोल्ड हे मंडान, हिदात्सा आणि अरिकारा या तीन मूलनिवासी जमातींचे राखीव क्षेत्र आहे. काउंटीत आज चारांतला एक तरी माणूस मूलनिवासी आहे. 1910 च्या कायद्याने त्या राखीव क्षेत्राचा ईशान्य भागही बाहेरच्या वसाहतवाल्यांना खुला केला. मग 1947 ते 1953 मध्ये मिसुरीवर गॅरिसन धरण झाले. जमातींची 1,52,000 एकरांहून अधिक जमीन गेली, आणि तीही नदीकाठची, सगळ्यात कसदार. 1948 मध्ये करारावर सही होताना जमातींचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट चेहऱ्यावर हात ठेवून रडत आहेत, असा फोटो आहे. सॅनिश आणि व्हॅन हुक ही गावे पाण्याखाली गेली. त्या लोकांसाठी नवे गाव वसवले, त्याचे नावही ‘न्यू टाउन’. धरणग्रस्त या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

म्हणजे सीरियाहून आलेल्या गरिबाला जी 160 एकर जमीन मिळाली, ती देणाऱ्याने आधी कुणाकडून तरी घेतलेली होती. आपल्या माणसांच्या कब्रीवर फातिहा पढताना हेही लक्षात ठेवावे, असे मला वाटते.

त्या सीरियनांनाही नागरिकत्व सहज मिळाले नाही. तेव्हाच्या कायद्यात ‘गोरा’ असणे हा निकष होता आणि सीरियन गोरे की नाहीत यावर न्यायालयांत खटले चालत. 1915 मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने डाउ खटल्यात ते गोरे धरले, तेव्हा वाट मोकळी झाली.

2006 मध्ये या काउंटीत पार्शल तेलक्षेत्र सापडले आणि चित्र उलटले. 6,631 चे 2010 मध्ये 7,673 झाले आणि 2020 मध्ये 9,809. ट्रक आले, भाडी वाढली, कामगारांच्या छावण्या उभ्या राहिल्या. रात्री माळावर वायूच्या ज्वाळा जळताना दिसू लागल्या. 2013 मध्ये कॅनडातल्या लाक-मेगांतिक गावात तेलाची रेल्वे घसरून 47 माणसे जळून गेली. ते तेल न्यू टाउनहून निघाले होते. वाढत्या आकड्याचीही किंमत असते, फक्त ती कधी कधी दुसऱ्या गावाला मोजावी लागते.

एवढ्या थोड्या माणसांचा कारभार कसा चालतो? स्टॅनली हे मुख्य ठिकाण. तिथे 1914 चे कोर्टहाउस आहे. काउंटीचे कमिशनर निवडून येतात, शेरीफही निवडून येतो. शाळांची मंडळे निवडून येतात. खाली टाउनशिप असतात, त्यांची दर मार्चमध्ये वार्षिक सभा होते. रस्त्याची खडी, बर्फ काढणे, कर, सगळे तिथे बोलले जाते. आपली ग्रामसभाच म्हणा. आणि नॉर्थ डकोटा हे अमेरिकेतले एकमेव राज्य आहे, जिथे मतदार म्हणून आधी नाव नोंदवावे लागत नाही. ओळख आणि पत्ता दाखवा, मत द्या. स्टॅनलीचे साप्ताहिक आहे, माउंट्रेल काउंटी प्रमोटर. नऊ हजार माणसांच्या काउंटीला स्वतःचे वृत्तपत्र!

हे वाचून मला माझीच लाज वाटली. आमच्या ग्रामसभेला मी गेल्या दहा वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. नोकरी तालुक्याला, आमची घरे तीन, आपले कोण ऐकणार, असे म्हणून. आणि मुलांना नागरिकशास्त्रही मीच शिकवतो.

26 जानेवारीची ग्रामसभा हुकली होती. पुढच्या सभेला गेलो. कब्रस्तानाच्या वाटेचा विषय काढला. ती वाट तिथे शंभर वर्षे आहे, पण ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदीत नाही. पावसात जनाजा चिखलातून न्यावा लागतो. अब्बांचा तसाच नेला होता. मला वाटले होते वाद होईल. वाडीतले एक म्हातारे गृहस्थ उठले, म्हणाले, “मास्तर, तुमच्या वडिलांना खांदा द्यायला मी पण होतो. माझा पाय घसरला होता तिथे. लिहा हो ठरावात.” ठराव लिहिला गेला. पुढे कागद कुठे अडकेल ते बघू, अडकला तर मी मागे लागेन.

जमातीच्या पुढच्या मीटिंगमध्ये मी माझा आधीचा मुद्दा मागे घेतला. सगळा नाही. सहा लाख अजूनही जास्तच वाटतात, म्हणून मंगलोरी कौले काढून पत्रे घालायचे आणि खर्च निम्म्यावर आणायचा असे ठरले. उरलेल्यातून दोन मुलांची फी. चाचा काही बोलले नाहीत. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आणखी एक काम मी नववीच्या वर्गाला दिले आहे. प्रत्येकाने आपल्या घरातल्या सगळ्यात वृद्ध माणसाजवळ बसायचे, ते बोलतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहायचे. गाव कुठले, कधी आले, ईदला काय शिजायचे, विहीर कुणाची होती. मेरी जुमाचे कुणी लिहून घेतले म्हणून मला सातासमुद्रापलीकडून तिच्या घरची ईद कळली. एका मुलीने विचारले, “सर, नानी म्हणते माझ्यात लिहिण्यासारखे काय आहे?”

मी म्हणालो, “हेच पहिले वाक्य लिही.”