मॉनिटर, गुलाल आणि १८ टक्के

दिवाळीच्या आधी आमच्या घरात पंधरा दिवस एकच भांडण चालू होतं. मॉनिटर कुठला घ्यायचा. ही काय पोस्ट टाकायची गोष्ट झाली का, असं ज्यांना वाटतंय त्यांनी निदान जीएसटीचा भाग तरी वाचा मंडळी.

तळेगाव ढमढेरेत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दशक्रियेचे फ्लेक्स, आणि यात्रा सुरू झाल्या की बैलगाडा. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यतींचा कायदा वैध ठरवला, त्यानंतर हे काम चांगलंच वाढलं.

यंदाच्या हंगामात एका घाटाचा १० बाय १५ चा फ्लेक्स केला. गाडामालक शेजारी स्टुलावर बसलेले. मला समोरून गुलाल झकास दिसतोय, ते म्हणतात, "अण्णा, फिका वाटतोय, अजून गडद करा." केला. छापून आला तर गुलाल कसला, वाळलेलं रक्त! दीडशे स्क्वेअर फूट पुन्हा छापला, माझ्या खिशातून. चूक छपाईवाल्याची नव्हती. माझा मॉनिटर जुना, टीएन पॅनेलचा. त्यात समोरून एक रंग दिसतो आणि बाजूनं दुसरा. आणि डीटीपीच्या दुकानात गिऱ्हाईक कायम बाजूलाच बसतं! इतकी वर्षं धंदा करून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग मी ठरवलं, आता डिझायनर लोकांचा घ्यायचा, फोरकेवाला. चिरंजीव म्हणाले, "पप्पा, १६५ हर्ट्झचा गेमिंग घ्या." कॉम्प्युटर एकच. दुकानाचं शटर पडलं की तो त्याचा.

मी म्हटलं, गेम खेळून पोट भरतं का? तर त्यानं मलाच गप्प केलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे दिलं, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याला पदकं होती, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणणारा कायदा झाला, त्यातही ई-स्पोर्ट्सला मान्यताच दिली. सगळं खरं आहे. पोरगं वाचतं, एवढं समाधान.

पण मग मीही हिशेब मांडला. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर नवं चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ वर ६.९ नं. म्हणजे १० मिलिसेकंद वाचले, आणि स्पर्धेत खेळणाऱ्याला ते जाणवतात. १४४ वरून २४० वर गेलात तर मात्र तीनसुद्धा वाचत नाहीत. आणि मुख्य मुद्दा, मॉनिटर फक्त दाखवतो, चित्र बनवतो कॉम्प्युटर. आमच्या मशिनला ग्राफिक्स कार्डच नाही. जीटीए लावला की सेकंदाला ४५-५० चित्रं, तीसुद्धा धापा टाकत. तिथं १६५ हर्ट्झ म्हणजे सायकलला ट्रॅक्टरचं चाक. शर्यतींचे रील्स तो एडिट करतो, तेही मोबाईलवर ३० नाहीतर ६० फ्रेमनं काढलेले. त्याला ६० हर्ट्झ पुरतात.

आता माझी हौस बघा. फोरके हवा, ॲडोबी आरजीबी हवं. कशाला? माझा फ्लेक्स लोक रस्त्याच्या पलीकडून बघतात. आणि छपाई चार शाईंची. स्क्रीनवरचा सगळ्यात झगझगीत गुलाल त्या शाईत उतरतच नाही, मॉनिटर लाखाचा घेतला तरी. माझी गरज एवढीच होती की पॅनेल आयपीएस असावं आणि एसआरजीबी पूर्ण असावं. खोक्यावर '४५ टक्के एनटीएससी' लिहिलं असेल तर ते एसआरजीबीच्या जेमतेम ६०-६५ टक्के होतं. ७२ टक्के असेल तर बरं समजा. ही खोच कुणी सांगत नाही.

आपल्याच तालुक्यात, रांजणगावच्या एमआयडीसीत टीव्ही बनतात. पण चार स्क्रीन शेजारी लावून बघायच्या तर वाघोलीचं ट्रॅफिक खात पुण्यात तपकीर गल्ली गाठावी लागते. गेलो. पेनड्राइव्हवर तीन फाइली होत्या: तोच गुलालाचा फ्लेक्स, एका नवरीचा फोटो, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी राखाडी पट्टी. चिरंजिवांना स्टुलावर बाजूला बसवलं. दोन मॉनिटर तिथंच बाद झाले. त्यातला एक गेमिंगचा होता, लाल दिवेबिवे लावलेला, आणि बाद त्यानंच केला.

घेतला २४ इंची, आयपीएस, १०० हर्ट्झ. १२ हजार.

आता जीएसटी. दुकानात बोर्ड होता, 'जीएसटी कपातीचा फायदा घ्या'. मीही २२ सप्टेंबरची वाट बघत थांबलो होतो. पण मंडळी, २८ चे १८ झाले ते ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवर. लहान मॉनिटरवर १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्केच आहे. मला कपात शून्य! १२ हजारांतले १८३० रुपये कराचे. हाच मॉनिटर नोंदणी असलेल्या मोठ्या कंपनीनं घेतला तर तिला तो कर इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळतो. माझी उलाढाल २० लाखांच्या खाली, नोंदणी नाही, म्हणून मी पूर्ण भरतो. नोंदणी करायची तर दर महिन्या-तिमाहीची रिटर्न आणि सीएची फी त्याहून जड. ज्याच्यावर पोट चालतं त्या हत्यारावर गावाकडच्या डिझायनरला, फोटोग्राफरला सूट नाही, आणि ५५ इंची टीव्हीला मात्र कपात. आपल्या लोकप्रतिनिधींनी हे एकदा दिल्लीत विचारावं.

काल तेच गाडामालक आले, त्याच स्टुलावर बसले. म्हणाले, "आता बरोबर दिसतोय." मी आधी एक फूट पट्टी छापून आणली, ती हातात दिली, मगच ऑर्डर घेतली.