वरचे पैसे

दसरा झाला आणि माझा पुतण्या घरी आला. चहा प्याला, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाला, "नाना, पन्नास हजार पाहिजेत. गाडीचे जमलेत, हे वरचे."

गाडी म्हणजे थार. ऊसपट्ट्यातल्या पोरांना पूर्वी बुलेट हवी असे, आता थार हवी असते. त्यातून २०२४ साली पाच दारांची थार रॉक्स निघाली. घटस्थापनेच्या दिवशी नोंदणी उघडली आणि पहिल्या तासातच पावणेदोन लाखांवर नावे पडली! आता इतक्या गाड्या कारखाना एका दमात कुठून काढणार? शोरूममधल्या माणसाने 'वरचे' हा शब्दही उच्चारला नव्हता. सीटकव्हर, मॅट, काचांची फिल्म, विमा, असा एक कागद त्याने पुढे केला. हे सगळे घेतले तर पाडव्याला गाडी. नाही तर नंबर लागेल तेव्हा.

अमेरिकेत म्हणे हे उजळ माथ्याने चालते. १९५८ च्या कायद्याने तिथे नव्या गाडीच्या काचेवर कारखान्याची किंमत चिकटवावी लागते. पण ती नुसती सुचवलेली. मोजक्याच निघणाऱ्या वेगवान गाडीला दुकानदार शेजारी आपला दुसरा कागद डकवतो आणि हजारो डॉलर वाढवतो. आमच्या अकलूजच्या घोडेबाजारातही देखण्या घोड्याला वाटेल ती किंमत येते. पण ती घोड्याची असते. पुतण्याचे पन्नास हजार गाडीचे नव्हते, रांगेतल्या जागेचे होते.

आमच्या घराला हा व्यवहार नवा नाही. वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या वेळी त्याला 'ऑन' म्हणत. बजाजची चेतक १९७२ साली आली. गाड्या किती काढायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे, आणि नंबर लागायला आठ-आठ, दहा-दहा वर्षे जात. तात्या वेळापूरला शिक्षक. रोज सायकलने जात-येत. माझ्या जन्माआधी त्यांनी नोंदणी केली होती. नंबर लागल्याचे पत्र आले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आईने पत्राला हळदकुंकू वाहिले. मागे बसून पंढरपूरला जायचे, एवढेच तिचे मागणे होते.

तिसऱ्या दिवशी तात्यांच्या वर्गातल्या एका मुलाचा बाप आला. "गुरुजी, पोरीचं लगीन ठरलंय. जावयाला स्कूटरच पाहिजे. गाडीचं पैसं माझं, वर पाच हजार तुमचं."

त्या वर्षी आमचे माळवद गळत होते. आजी पातेली मांडून जागी असायची. तात्या रात्रभर बोलले नाहीत. सकाळी त्यांनी पावती देऊन टाकली. मधल्या खोलीवर स्लॅब पडला. पुढे कळले, त्या माणसाने बैलजोडी विकली होती. दिवाळीनंतर त्याचा मुलगा शाळेत आला नाही, ऊसतोडीला गेला. त्याला परत आणायला तात्यांनी सायकलवरून दोन खेपा घातल्या. तिसरी घातली नाही. त्या स्लॅबचे कौतुक कुणी केले की ते उठून बाहेर जात.

हे सगळे मी पुतण्याला सांगितले. मास्तराची सवय, दुसरे काय! त्याने मान वर करून छताकडे पाहिले. "मग तात्यांनी ते पैसे घ्यायला नको होते का?"

मला उत्तर देता आले नाही. पैसेही दिले नाहीत. ते त्याने दुसरीकडून उभे केले.

पाडव्याला गाडी दारात आली. आई आता ऐंशीच्या पुढे. पायरी उंच, म्हणून पुतण्याने लाकडी चौरंग ठेवला, तिला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवले आणि आम्ही पंढरपूरच्या रस्त्याला लागलो. मी मागे बसलो होतो. बराच वेळ ती उसाकडे पाहत होती. मग तिने विचारले, "वर किती दिले रे?"

त्याने सांगितले.

"आमच्या वेळी पाच हजार होते," आई म्हणाली, आणि पदर सावरून पुन्हा बाहेर पाहू लागली.