दुसरा आवाज

आमच्या धंद्यात ‘कव्हर’ या शब्दाला एकच अर्थ आहे. जून उजाडला की वह्यांच्या गठ्ठ्यांबरोबर खाकी कागदाची रिळे दुकानात येऊन पडतात आणि पहिल्या पावसात भिजत आलेले पालक मुलांच्या वह्यांपेक्षा अधिक घाईने कव्हरे मागतात. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला वह्या-पुस्तकांच्या व्यवसायात माझी चाळीस वर्षे गेली. त्यामुळे गेल्या नोव्हेंबरात माझ्या तेरा वर्षांच्या नातीने, “आजोबा, मी कव्हर करते आहे, थोडा वेळ दार लावून घेते,” असे सांगितले, तेव्हा मी सहजच विचारले, “कागद पुरेल ना? दुकानातून पाठवू का?”

ती हसली. म्हणाली, “वहीचे नाही आजोबा, गाण्याचे.”

मग तिने मला समजावून दिले. पूर्वी कुणी तरी गाऊन ठेवलेले गाणे आपण आपल्या गळ्यातून, आपल्या वाद्यावर, आपल्या ढंगाने पुन्हा गायचे, त्याला हल्ली कव्हर म्हणतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘जुन्या ॲनिमेशनपटांतील गाणी’ असा एक कार्यक्रम होता. वर्गातील बहुतेक मुलींनी इंग्रजी चित्रपटांतील गाणी निवडली होती. हिने कोणते निवडले, हे मी विचारले नाही. दार बंद झाले, गिटारची तार छेडली गेली आणि दुसऱ्याच क्षणी मला गाणे कळले. ‘एक अनेक और एकता’ या छोट्या चित्रपटातील ते गाणे होते.

माझ्या वयाच्या वाचकांना हा चित्रपट सांगावा लागणार नाही. फिल्म्स डिव्हिजनने १९७४ साली काढलेला तो अवघ्या काही मिनिटांचा ॲनिमेशनपट. लहान भाऊ ताईला विचारतो, ‘अनेक’ म्हणजे काय? ताई त्याला आजूबाजूच्या वस्तू दाखवीत सांगू लागते आणि सांगता सांगता गोष्टीत शिरते. दाणे टिपायला उतरलेल्या चिमण्या पारध्याच्या जाळ्यात सापडतात, सगळ्या मिळून जाळ्यासकट उडतात आणि उंदीर ते जाळे कुरतडून त्यांना मोकळे करतात. दूरदर्शनने तो वर्षानुवर्षे दाखविला. एक कार्यक्रम संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या मोकळ्या जागेतही तो लागे आणि घरातील मुले हातचे टाकून धावत येत.

आमच्या घरातही हेच दृश्य होते. त्या वेळी आम्ही दोघे भाऊ एकत्र राहत होतो. अण्णांची मुलगी सात वर्षांची, माझा मुलगा चार वर्षांचा. संध्याकाळी वीज गेली की ती दोघे दुकानाच्या फळीवर बसून हे गाणे म्हणत. ती ताई होई आणि हा विचारणारा भाऊ. त्याला खरोखरच ‘अनेक’ समजले नव्हते, असा माझा समज आहे. कारण तो प्रत्येक वेळी तितक्याच कुतूहलाने विचारी, आणि तीही प्रत्येक वेळी न कंटाळता सांगे. गिऱ्हाईक थांबून ऐके. अण्णा गल्ल्यावर बसून बोटांनी ताल धरीत.

त्यामुळे बंद दाराआडून जे ऐकू आले त्याने मी काहीसा अस्वस्थ झालो. मूळ गाणे उड्या मारीत जाणारे. हिने ते इतके संथ केले होते, की चिमण्या उडण्याऐवजी विचार करीत बसल्या आहेत असे वाटावे. शनिवारी तिचे गिटारचे गुरुजी आले तेव्हा मी माझी तक्रार त्यांच्यापुढे मांडली. हे गृहस्थ गिरीजकडचे, नाताळात चर्चच्या गायकवृंदाबरोबर गाणारे, स्वभावाने अतिशय मृदू.

त्यांनी मला उत्तर दिले नाही. मोबाइलवर एक ट्रम्पेटवादन लावून दिले. पाच-सहा मिनिटे मी ते ऐकले. उदास, पण गोड असे काही तरी होते. मग त्यांनी सांगितले की हे गाणे मुळात वॉल्ट डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’मधील. १९३७ सालच्या त्या चित्रपटात एक भाबडी राजकन्या ते गाते. वीस वर्षांनी, १९५७ साली, डेव्ह ब्रूबेक या पियानोवादकाने डिस्नेच्या गाण्यांची एक तबकडीच काढली आणि तीत हे गाणे वाजविले. १९६१ साली माइल्स डेव्हिसने ते ट्रम्पेटवर घेतले आणि आपल्या तबकडीला त्याच गाण्याचे नाव दिले. तेव्हापासून जगभरचे जॅझ वादक ते वाजवीत आले आहेत. दुसरे उदाहरण त्यांनी १९४० च्या ‘पिनोकिओ’चे दिले. त्यात एक छोटासा रातकिडा ताऱ्याकडे पाहून मागणे मागण्याचे गाणे गातो. तेच गाणे १९६८ साली लुई आर्मस्ट्राँग यांनी आपल्या खरखरीत, थकलेल्या आवाजात गायले. लहान मुलांसाठी रचलेले गाणे साठी ओलांडलेल्या माणसाने गायले आणि त्याचा अर्थच वाढला.

“काका,” ते म्हणाले, “चाल संथ केली म्हणून गाणे बिघडत नाही. त्यात काय आहे ते न कळता गायले, तर बिघडते.”

त्या रात्री हे वाक्य मनात घोळत राहिले. ज्याला मी मूळ, अस्सल म्हणून जपत होतो, त्या गाण्याचाच हिशेब मी मांडून पाहिला. चित्रपटाची कल्पना विजया मुळे यांची. मुंबईत जन्मलेल्या, फिल्म सोसायटीच्या चळवळीत आयुष्य घालविलेल्या, शैक्षणिक चित्रपटाचा ध्यास घेतलेल्या विदुषी. चित्रे जिवंत केली भीमसेन यांनी, ज्यांनी पुढे ‘घरौंदा’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. शब्द दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे. चाल आपल्या कोकणातील सोनवडेच्या वसंत देसाई यांची. आणि आवाज दाभोळची एक चिमुरडी साधना घाणेकर हिचा. पुढे साधना सरगम या नावाने सारा देश जिला ओळखू लागला. चिमण्यांची गोष्ट तर पंचतंत्रातील. तिथे चिमण्या नाहीत, कबुतरे आहेत. म्हणजे माझे ‘मूळ’ गाणेसुद्धा एका फार जुन्या वहीला घातलेले नवे कव्हरच होते.

वसंत देसाई यांच्या चालींचे भाग्य पाहावे. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ सालचा आणि ‘गुड्डी’ हा १९७१ सालचा चित्रपट. दोहोंतील प्रार्थना त्यांच्या. आज किती मुलांना हे चित्रपट ठाऊक असतील? पण त्या प्रार्थना देशभर शाळांच्या मैदानांवर रांगेत उभे राहून मुले म्हणतात. कुणाचा सूर वर जातो, कुणाचा खाली, पेटी कधी भात्याला फाटलेली असते. देसाई डिसेंबर १९७५ मध्ये एका लिफ्टच्या अपघातात गेले. ‘एक अनेक’ नंतर जेमतेम वर्षभराने. त्यांच्या चाली मात्र या बेसूर-ससूर गळ्यांनीच जगविल्या. आमच्या खाकी कागदाचेही तसेच. तो दरवर्षी मळतो, फाटतो, बदलावा लागतो. म्हणून तर आतले पुस्तक धाकट्या भावंडापर्यंत पोचते.

चालीबद्दलची तक्रार मी अशी मनोमन मागे घेतली. तरी काही तरी खटकतच होते. दुसऱ्या दिवशी नातीने मला तिचे ध्वनिमुद्रण ऐकविले तेव्हा ते ध्यानात आले. विचारणारा आवाज तिचा आणि सांगणारा आवाजही तिचाच. दोन्ही वेगवेगळे मुद्रित करून तिने मोबाइलवर जोडले होते. सफाई उत्तम होती.

मी म्हणालो, “बाळ, सगळे छान आहे. पण तूच विचारतेस आणि तूच सांगतेस. ज्याला ठाऊक नाही असा कुणी तरी विचारायला हवा ना?”

“मग लहान भाऊ कुठून आणू?” ती पटकन बोलून गेली, आणि लगेच गप्प झाली.

लहान भाऊ दोन मजले खाली होता. अण्णांच्या मुलाचा मुलगा, आठ वर्षांचा.

येथे थोडे मागे जावे लागेल. वडिलांचे जुने दुकान वसई गावातील बाजारात. स्टेशनजवळचे आम्ही दोघा भावांनी मिळून घातलेले. २००८ च्या सुमारास नालासोपाऱ्याची वस्ती झपाट्याने वाढत होती. तेथे कर्ज काढून तिसरे दुकान घ्यावे, असा माझा आग्रह होता. अण्णांना कर्ज मान्य नव्हते. एका संध्याकाळी मी त्यांना म्हणालो, “तुम्ही मला आयुष्यभर कारकून समजलात.” ते काही बोलले नाहीत. त्या दिवाळीला चोपडापूजन दोन ठिकाणी झाले. घरे एकाच इमारतीत राहिली. त्यांचे पहिल्या मजल्यावर, आमचे तिसऱ्या. लग्नकार्याला आम्ही जातो, दुखण्याखुपण्यात विचारपूस करतो, जिन्यात भेटलो की पाण्याच्या टाकीविषयी बोलतो. भांडण उरले नव्हते आणि बोलणेही. मुले हे सारे पाहतात, एक शब्द न विचारता शिकतात.

नातीने विषय बदलला. म्हणाली, “आजोबा, ती कबुतरांची खरी गोष्ट काय आहे?”

मी सांगू लागलो. चित्रग्रीव हा कबुतरांचा राजा. सारा थवा जाळ्यात सापडतो. त्याच्या सांगण्यावरून सगळे एकदम उडतात आणि त्याच्या मित्राकडे, हिरण्यक उंदराकडे येतात. मित्र म्हणून हिरण्यक धावत येऊन प्रथम राजाचाच पाश कुरतडू लागतो. तेव्हा चित्रग्रीव त्याला थांबवितो. म्हणतो, आधी माझ्या सोबत्यांचे पाश तोड, माझे शेवटी.

येथे माझा आवाज अडला. वाटणीच्या दिवशी दोन्ही दुकानांच्या किल्ल्या आमच्यापुढे मेजावर ठेवलेल्या होत्या. वडील माणूस म्हणून पहिली निवड अण्णांची. त्यांनी किल्ल्या माझ्याकडे सरकविल्या आणि म्हणाले, “आधी तू निवड.” मी स्टेशनचे दुकान उचलले. पुढे गर्दी स्टेशनकडेच वाढत गेली आणि गावातल्या बाजाराची उलाढाल होती तेवढीच राहिली. गेली इतकी वर्षे मी वाटणीची हकीकत अनेकांना सांगितली असेल. त्यातील हा किल्ल्यांचा प्रसंग मात्र मी प्रत्येक वेळी गाळत आलो होतो. आणि ते मला तेव्हा, तेरा वर्षांच्या मुलीला गोष्ट सांगताना, पहिल्यांदा दिसले.

संध्याकाळी मी दोन जिने उतरून अण्णांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवीत, “ये, बस,” म्हटले. मी नातीचे गाणे, शाळेचा कार्यक्रम सारे सांगितले आणि म्हणालो, “अण्णा, विचारणारा मुलगा हवा आहे. तुमच्या नातवाला पाठवाल का?”

अण्णा म्हणाले, “प्रश्न विचारायला त्याला शिकवावे लागणार नाही. दिवसभर तेच करतो.”

मग तीन आठवडे तालीम झाली. कधी वर, कधी खाली, आणि दोन्हीकडे पाहुणे असले की दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर. मुलगा कधीच वेळेवर प्रश्न विचारीत नसे. कधी आधी, कधी उशिरा, कधी गाण्यात नसलेलाच. एकदा त्याने विचारले, “उंदराला मांजर दिसले असते तर?” नातीला गाणे थांबवून उत्तर द्यावे लागले. गुरुजी म्हणाले, आता गाणे जमले.

कार्यक्रमाच्या दिवशी मी आणि अण्णा शेजारी बसलो होतो. इतर मुलींनी डिस्नेची गाणी फार सुंदर म्हटली. आमची पाळी आली तेव्हा चिरंजीवांनी गिटार सुरू होण्यापूर्वीच प्रश्न विचारून टाकला. सभागृह हसले. नात घाबरली नाही. तिने त्याच्याकडे वळून, गाणे न म्हणता, साध्या बोलण्यातच त्याला सांगायला सुरुवात केली आणि मग हळूच सुरात शिरली. चाल संथच होती. मला ती आता खटकली नाही. मागच्या रांगेत माझा मुलगा उभा राहून मोबाइलवर सारे पुण्याला दाखवीत होता, लग्न होऊन गेलेल्या आपल्या ताईला. अण्णांची बोटे खुर्चीच्या हातावर ताल धरीत होती.

परत येताना मी रिक्षात म्हणालो, “अण्णा, किल्ल्या तुम्ही आधी माझ्याकडे सरकविल्या होत्या. हे मी आजवर कुणाला सांगितले नाही.”

ते बराच वेळ अंबाडी रोडवरच्या गर्दीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “तुझ्याकडे खाकी कागद आहे का रे? सहामाहीनंतर मुले कव्हरे बदलायला येतात, माझ्याकडचा संपला आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन रिळे गावातल्या दुकानावर पाठविली. बिल मुद्दामच जोडले नाही. संध्याकाळी अण्णांचा नातू धावत वर आला आणि दारातूनच ओरडला, “आजोबांनी विचारलेय, बिल कुठे आहे?”