बरनाव्याचा संगम

नकाशावर हिंडन म्हणजे गंगा आणि यमुना यांच्यामधली एक बारीक रेघ. सहारनपूर जिल्ह्यात शिवालिकच्या पायथ्याशी उगम, सुमारे ४०० किलोमीटरची वाट, आणि नोएडाच्या खाली यमुनेत शेवट. हिमालयाचं बर्फ तिच्या वाट्याला येत नाही. ती पावसावर आणि जमिनीतल्या झिरप्यावर जगते. तरी तिच्याच खोऱ्यात, आलमगीरपूरला, हडप्पा संस्कृतीची अगदी पूर्वेकडची वस्ती सापडली. चार हजार वर्षांपूर्वी या पाण्याच्या भरवशावर माणसं राहिली. अशा नदीचा विचार मुख्य प्रवाहापासून सुरू करणं मला मुळातच चुकीचं वाटतं. ती उपनद्यांनी घडवलेली आहे, आणि बिघडलीही तिथेच.

सहारनपूर शहरात पांवधोई धमोल्याला मिळते आणि शहराचं सांडपाणी घेऊन धमोला हिंडनकडे जाते. पुढे मुझफ्फरनगरकडून काली येते, शामलीकडून कृष्णी. दोघींच्या खोऱ्यांत ऊस, साखर कारखाने, कागद गिरण्या, मद्यार्काचे कारखाने. पाऊस सप्टेंबरात सरतो आणि त्यानंतर गळीत हंगाम सुरू होतो. म्हणजे नदी रोडावत जाते त्याच महिन्यांत कारखान्यांचं पाणी वाढतं. मळीतून मद्यार्क काढल्यावर उरणारं काळपट तांबडं पाणी कसं दिसतं आणि कसा वास मारतं, हे कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला सांगायला नको. बरनाव्याला कृष्णी हिंडनला मिळते. पांडवांचं लाक्षागृह इथलंच, असं तिथे मानतात. या खोऱ्यातल्या कित्येक गावांत हातपंपांचं पाणी पिण्यालायक उरलं नाही आणि हरित लवादाला ते पंप बंद करायला सांगावं लागलं. घाण नदीपुरती राहत नाही, ती जमिनीत उतरते, ती अशी.

यावर म्हणतात, पावसाळी नदी ती, उन्हाळ्यात आटणारच; तिचं मरण कसलं? पण आटणं आणि मरणं वेगळं. आटलेल्या नदीच्या वाळूखाली ओल असते, डोह असतात, काठच्या विहिरींना पाझर असतो. उसासाठी कूपनलिका खोल गेल्या तसा हा पाझर तुटत गेला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गंगेच्या कालव्याचं पाणी काली आणि हिंडनमध्ये सोडतात, गाझियाबादला सांडपाणी शुद्धीकरणही होतं, मग आणखी काय हवं? शुद्धीकरण हवंच. पण गाझियाबाद नदीच्या शेवटाकडे आहे, आणि तिथवरची सगळी गावं तोपर्यंत तेच पाणी सोसून बसलेली असतात. उसन्या पाण्याने घाण पातळ होते, नाहीशी होत नाही. शिवाय हिवाळ्यात गंगेलाही ते परवडत नाही. म्हणून पाण्यातल्या घाणीची मोजणी यमुनेच्या तोंडाशी नको. ती जानेवारीत, कारखाने चालू असताना, धमोल्याच्या, कालीच्या आणि कृष्णीच्या संगमावर व्हायला हवी, आणि आकडे त्याच संगमावरच्या गावात, चावडीवर लागायला हवेत.