अण्णांची फाईल

भाचीने पुण्याहून स्क्रीनचा फोटो पाठवला. "मावशी, हे काय आहे?" गूगल डॉक्सच्या कोऱ्या पानावर डॉलरची चिन्हं, चौकोनी कंस, उलटी प्रश्नचिन्हं, मध्येच सुटी रोमन अक्षरं. जुन्या सीडीवरून काढलेली ती अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, आठवणींची फाईल. मला भरून आलं.

अण्णा गेले तेव्हा पुस्तक छापायचं राहूनच गेलं होतं. हस्तलिखित माझ्यापाशी आहे, पण ते पुरं नाही. रत्नागिरीतल्या राम आळीत एका डीटीपीच्या दुकानात तिथल्या वहिनी पेजमेकरवर कंपोझ करायच्या आणि अण्णा शेजारच्या स्टुलावर बसून वाचून दाखवायचे. दिवस पावसाळ्याचे. ओळ संपली की वहिनींची डावी करंगळी कंट्रोलवर, अनामिका एसवर. गडगडलं तर ओळ संपायचीही वाट बघत नसत. फ्लॉप्यांना बुरशी धरू नये म्हणून कपाटात बल्ब लावून ठेवलेला असे. वीज गेली की अण्णा अंधारात बोलत राहायचे: भाट्याच्या खाडीवरची तर, गलबतं, तरीवर उधारी ठेवणारी माणसं. वीज आली की वहिनी म्हणायच्या, "अण्णा, आत्ता सांगितलंत ना, तेही घेऊ या." ते थेट मशीनवर उतरायचं. कागदावर कधी आलंच नाही.

श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या जोरावर मराठी छपाई संगणकावर आली, हे ऋण मी मानते. पण दुकानातल्या संगणकाच्या पाठीमागे खोचलेल्या त्या प्लास्टिकच्या ठोकळ्याचा, 'लॉक'चा, राग अजून गेलेला नाही. तो काढला की मराठी बंद. चोरी होऊ नये म्हणून लॉक, हे समजतं; पण भाषेला कुलूप लावलेलं बघवत नसे. त्याहून घट्ट कुलूप फाईलच्या आत होतं. त्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवलेले, प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. तो फॉन्ट मशीनवर असला तरच मजकूर वाचायचा. डॉक्समध्ये आपल्याकडचा फॉन्ट चढवायची सोयच नाही, म्हणून तिथे अण्णांची नुसती डॉलरची चिन्हं झाली.

या गावाचा अक्षरांशी झगडा जुना आहे. इथल्या टिळक आळीत जन्मलेल्या लोकमान्यांनी 'केसरी'साठी देवनागरीचे खिळे १९०पर्यंत खाली आणले. १९२४ ते १९३७ या काळात जिल्ह्यात स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी अ ची बाराखडी पुढे केली: अि, अी, अु. यंत्रात मावावी म्हणून दोघांनी लिपी आवळायला घेतली. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि यंत्रच रुंद झालं. क ला स्वतःचा क्रमांक मिळाला, २३२५. जगातल्या कुठल्याही मशीनवर तोच. माझ्या लेखी मराठीवरचा हा फार मोठा उपकार आहे.

गूगलने २००६ साली रायटली विकत घेतलं, त्यातून पुढे डॉक्स उभं राहिलं. मी आता तिथेच लिहिते. वीज गेली तरी ओळ जात नाही. मात्र मे २०२१च्या तौक्ते वादळानंतर घरात दिवे नव्हते, मोबाईलला रेंज नव्हती, आणि माझं लिखाण दूर कुठल्या तरी सर्व्हरवर होतं. तेव्हा फ्लॉप्यांचं ते कपाट फार आठवलं. आपलं लिखाण आपल्या घरात असावं, ही ओढ मला अजून सोडत नाही.

तरीही अण्णांची फाईल डॉक्सवरच दुरुस्त होते आहे. भाचीने कन्व्हर्टरमधून ती युनिकोडमध्ये आणली. रफार भलत्याच अक्षरावर चढलेत, पहिल्या वेलांट्या एक घर सरकल्यात, जोडाक्षरं उसवलीत. ती पुण्यात, मी रत्नागिरीत. एकाच पानावर दोघींचे कर्सर. काल तरीचं प्रकरण निघालं. तिने शेजारी टिपण टाकलं, "तेव्हा पूल नव्हता?" नव्हता म्हणून कळवलं, आणि मग तरीबद्दल अण्णांकडून ऐकलेलं बरंच काही लिहीत गेले.

वाचता वाचता जाणवलं, काही वाक्यं अण्णांची नाहीतच. इतकी आटोपशीर वाक्यं ते बोलत नसत. अंधारात ऐकलेलं वहिनींनी वीज येईपर्यंत मनात धरून ठेवलं आणि आपल्या शब्दांत बसवलं. मुखपृष्ठावर त्यांचं नाव असायला हवं, असं मी भाचीला सांगितलं. तिला लगेच पटलं. वहिनी आता लेकाकडे डोंबिवलीला असतात. लिंक पाठवली आहे, दुरुस्त्या करायच्या परवानगीसकट. कुठली ओळ कशी होती, हे त्याच सांगू शकतील.