ओपांचं देणं

आवडती बिअर कोणती, असं कुणी विचारलं की मी आता वाइसबिअरचं, म्हणजे बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरचं नाव घेतो. हे उत्तर मला माझ्या शेजाऱ्यांनी दिलं. म्युनिकमध्ये आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ. ब्रुअरीच्या तळघरात, बिअर आंबवण्याच्या टाक्यांपाशी त्यांची सगळी नोकरी गेली. माझी मुलगी बोलायला लागल्यापासून त्यांना ओपा, म्हणजे आजोबा, म्हणते. तिचं ऐकून आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांच्याविषयी लिहावं असं फार दिवस मनात होतं.

मी साताऱ्याचा. घरी दारूचा विषयही निघत नसे. पहिली बिअर प्यायलो ती शिक्षण संपवून पुण्यात नोकरीला लागल्यावर. तेव्हा आम्ही मित्र बाटलीवर एकच गोष्ट बघायचो, किती टक्के. आठ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ मिळाली की पैसे वसूल. ती इतकी गार करायची की चव लागायचा प्रश्नच नाही, आणि सोबत मसाला शेंगदाणे. बिअरला वास असतो, तो घ्यायचा असतो, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारावं असंही कधी वाटलं नव्हतं.

पुढे कंपनीनं म्युनिकला पाठवलं. इथं आल्यावर मी हेलेस या बिअरच्या प्रेमात पडलो. फिकट सोनेरी, स्वच्छ, माल्टची हलकी गोडी आणि शेवटी हॉप्सच्या फुलांचा बेताचा कडूपणा. म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीनं १८९४ साली ती पहिल्यांदा बाजारात आणली, आणि आज या शहरात ‘एक बिअर’ म्हटलं की बहुधा हेलेसच समोर येते. ऑगस्टिनरची बुटक्या बाटलीतली हेलेस ही माझी बिअर ठरली. आपली आवड आता कायमची पक्की झाली, असं मला वाटत होतं.

ओपांची ओळख वाढली ती इमारतीमागच्या अंगणात. फ्रीजमधून काढलेली बाटली मी तोंडाला लावत होतो. ते काही बोलले नाहीत. घरात गेले, दोन ग्लास घेऊन आले, ते थंड पाण्यानं विसळले आणि माझीच बिअर त्यात ओतली. “थोडं थांबा,” म्हणाले, “आधी नाकानं प्या.” त्या दिवशी मला हेलेसमध्ये पहिल्यांदा ताज्या पावाचा वास आला. ती बिअर मी कितीतरी दिवस पीत होतो आणि तो वास रोज माझ्या हातात होता.

त्यानंतर ते मला शिकवत राहिले, पण शिकवतो आहोत असं कधी जाणवू दिलं नाही. रविवारी आम्ही सगळे बिअर गार्डनमध्ये जायचो. बव्हेरियात बिअर गार्डनला जाताना घरचं खाणं सोबत नेता येतं. ही प्रथा १८१२ सालापासूनची. राजा माक्सिमिलियान योसेफ यानं ब्रुअरींना आपल्या तळघरांपाशी बिअर विकायची मुभा दिली, पण तिथं पावाखेरीज दुसरं खाणं विकायला मनाई केली, म्हणून लोक घरून शिदोरी आणू लागले. आमच्या शिदोरीत थालीपीठ असायचं. ओपांनी पहिल्यांदा थालीपीठ तोडलं तेव्हा तुकडा नाकाशी धरून बराच वेळ ठेवला, आणि माझ्या बायकोला भाजणीतलं एकेक धान्य विचारलं. किती भाजायचं, कशावर भाजायचं, वेगवेगळं की एकत्र. बोलता बोलता तिनं नाचणी सत्त्वाचं सांगितलं, नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची. ओपा खुलले. “म्हणजे तुमच्या घरात माल्ट होतं की,” म्हणाले. जव किंवा गहू भिजवून मोड आणायचे आणि गरम हवेनं सुकवायचे, हेच माल्टिंग. जे काम त्यांनी जन्मभर जवळून पाहिलं, ते माझी आई मुलांच्या पेजेसाठी साताऱ्याच्या गच्चीवर करत होती. हे मला एका परक्या माणसानं दाखवलं.

एका बाबतीत मात्र मी त्यांचं ऐकलं नाही. ओपा सकाळी, बारा वाजायच्या आत, पांढरं सॉसेज, गोड मोहरी आणि प्रेट्झेलसोबत वाइसबिअर घ्यायचे. मला त्या बिअरमधला पिकलेल्या केळ्यासारखा वास नको व्हायचा. तिचा गढूळ रंग बघूनही घेववत नसे. त्यांनी कधी आग्रह केला नाही.

२०२० च्या शरद ऋतूत मला कोविड झाला. ताप उतरला, पण वास गेला. कॉफी म्हणजे गरम कडू पाणी झालं. फोडणी तडतडताना दिसायची, जाणवायची नाही. मुलीच्या केसांना वास नाही, पावसाला नाही. हेलेस ओतून बघितली तर जिभेवर कडूपणा आणि गॅसची टोचणी, त्यापलीकडे काही नाही. तरीही मी ती पीत होतो, रोज, आज तरी येईल या आशेनं. बायकोनं ही गोष्ट ओपांच्या कानावर घातली. ते अंगणात लांब उभे राहून मला म्हणाले, “आता ती पिऊ नका. गोड, खारट, आंबट, कडू आणि मांसाच्या रस्स्याची ती पाचवी चव, जीभ एवढंच सांगते. बाकीचं सगळं नाक सांगतं. नाक बरं व्हायच्या आधी रोज प्यायलात तर या बिअरची आठवणच कडू होऊन बसेल.”

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी गंधाचा व्यायाम दिला. ड्रेस्डेनच्या थोमास हुमेल यांच्या गटानं २००९ साली ही पद्धत मांडली. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार गंध सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी काही सेकंद, किमान बारा आठवडे हुंगायचे. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं. घरात निलगिरीचं तेल होतं, गुलाबपाणी होतं, लिंबू होतं, आणि मसाल्याच्या डब्यात लवंग. मी चार बरण्या केल्या. हुंगताना त्या वासाची आठवण मनात आणायची असते. लवंगेसाठी मी आजीच्या दाढदुखीच्या तेलाची आठवण काढायचो.

सगळ्यात आधी लवंगच आली. पूर्ण नाही, तिखट, दूरची, पण तीच. मी जिन्यावरून ओरडतच खाली गेलो. ओपांनी दार उघडलं, ऐकलं, आणि “थांबा” म्हणून आत गेले. बाहेर आले ते श्नायडर वाइसेची बाटली आणि उंच ग्लास घेऊन. ग्लास ओला केला, तिरका धरला, सावकाश ओतलं. शेवटचा घोटभर बाटलीतच ठेवून बाटली हलवली, आणि तळाचं यीस्ट वरून सोडलं. मग ग्लास कठड्यावर ठेवून स्वतः मागे सरकले. मी नाक नेलं. तांबूस, गढूळ, दाट फेसाची ती बिअर, आणि तिच्यात लवंग.

माझा विश्वास बसेना. यात लवंग घातली आहे का, असं मी विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर वाचून पडताळलं आणि ते खरं होतं. या बिअरमध्ये गहू, जव, हॉप्स, पाणी आणि यीस्ट यांशिवाय काही नसतं. धान्याच्या पेशींच्या भिंतीत फेरुलिक आम्ल असतं. भरडलेलं माल्ट पाण्यात पंचेचाळीस अंशांच्या आसपास काही वेळ ठेवलं की हे आम्ल जास्त मोकळं होतं, आणि वाइसबिअरचं यीस्ट त्याचं लवंगेचा वास असलेल्या एका द्रव्यात रूपांतर करतं. केळ्याचा वासही तेच यीस्ट तयार करतं, आणि आंबवताना ऊब जास्त असली की तो वाढतो. हेलेसच्या यीस्टला लवंगेचं हे काम जमत नाही. हेलेसमध्ये लवंगेचा वास आला तर ब्रुअर ती टाकी बिघडली असं समजतो. “आयुष्यभर मी जो वास एका तळघरात दोष म्हणून शोधायचो,” ओपा म्हणाले, “तोच दुसऱ्या तळघरात कमी पडला तर मालक रागवायचे.”

त्या हिवाळ्यात मला हॉप्सचा वास परतला, पण वाकडा होऊन. जळक्या रबरासारखा. हेलेस समोर आली की मळमळायचं. मला फार वाईट वाटलं. आपलं काहीतरी हिरावून घेतलं असं वाटत होतं. वाइसबिअरमध्ये हॉप्स अगदी कमी असतात, त्यामुळे तिचा त्रास होत नव्हता, तरी मन तिला पर्यायच मानत होतं. जुनी चव परत आली की हिला सोडू, असं मी ओपांना बोलूनही दाखवलं. त्यांना राग आला नाही. तरुणपणी ते गडद रंगाची डुंकेल प्यायचे, असं त्यांनी सांगितलं. वाइसबिअर तेव्हा म्हाताऱ्या बायकांची समजली जायची आणि ब्रुअरीतले मित्र तिला हात लावत नसत. वयाच्या चाळिशीत डुंकेल त्यांना जड वाटू लागली. दोन वर्षं ते हट्टानं तीच मागवत राहिले, आणि मग एका रविवारी बायकोच्या ग्लासातली वाइसबिअर उचलली. “माझ्या बायकोनं मला वाट दाखवली,” एवढंच म्हणाले. मी पर्याय हा शब्द त्यानंतर वापरला नाही.

या बिअरचा इतिहासही त्यांनीच सांगितला. बव्हेरियाच्या १५१६ च्या शुद्धतेच्या कायद्यात बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढंच मान्य होतं. गहू पावासाठी राखायचा होता. तरीही डेगेनबेर्ग घराण्याकडे गव्हाची बिअर बनवायचा खास हक्क राहिला, आणि १६०२ साली ते घराणं निर्वंश झाल्यावर तो हक्क ड्यूक माक्सिमिलियान यांच्याकडे आला. राजघराण्याला तिनं दीर्घकाळ पैसा मिळवून दिला. पुढे लोकांची आवड बदलली, आणि १८७२ साली गेओर्ग श्नायडर यांनी तो हक्क मिळवून मरायला टेकलेली ही बिअर टिकवली. त्या दिवशी कठड्यावर ओपांनी ठेवलेली बाटली त्याच घराण्याची होती. एका माणसानं नको म्हटलं नाही म्हणून ती माझ्यापर्यंत पोचली, हे मला खूप मोठं वाटतं.

निर्बंध उठल्यावर ओपा मला फ्रायझिंगला, वाइनश्टेफानच्या टेकडीवर घेऊन गेले. बेनेडिक्टाइन मठातून सुरू झालेली ही ब्रुअरी आपला वारसा १०४० सालापासूनचा सांगते. आज ती बव्हेरिया राज्याच्या मालकीची आहे, आणि शेजारीच म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाचा ब्रुइंगचा विभाग आहे. इथलं अडुसष्ट क्रमांकाचं यीस्ट वाइसबिअरसाठी जगभर वापरलं जातं. त्या बागेत बसून मी ग्लास नाकाशी नेला आणि केळं आलं. लवंगेच्या मागून, गोड, पिकलेलं. ज्या वासानं मी इतकी वर्षं ही बिअर नाकारली, तो परत मिळाला म्हणून माझे डोळे भरले. ओपांनी माझ्याकडे न बघता प्रेट्झेल तोडलं आणि अर्धं माझ्यापुढे ठेवलं.

बिअरनं मी बरा झालो असं मी म्हणत नाही. काळ गेला, व्यायाम झाला, नशीबही असेल. हेलेसचा वास आता बराचसा सरळ झाला आहे आणि कधीकधी मी ती घेतोही. पण आवड तिकडे परत गेली नाही. मला वास घ्यायला, थांबायला आणि बदललेल्या जिभेवर रुसून न बसायला ओपांनी शिकवलं. पुण्याला गेल्यावर धाकट्या भावाला एका मायक्रोब्रुअरीत हेफेवायझन, म्हणजे वाइसबिअरच, घेऊन दिली आणि म्हटलं, आधी वास घे. तो हसला, मग गप्प झाला आणि म्हणाला, “दादा, यात लवंग आहे.” ओपांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते खूप वेळ बोलत होते.

ओपांना आता डॉक्टरांनी अल्कोहोल बंद केलंय. शिवाय औषधांमुळे त्यांना सगळं किंचित धातूसारखं लागतं. वाइसबिअरमध्ये बिनअल्कोहोलचे बरेच प्रकार मिळतात, बव्हेरियात खेळाडू शर्यतीनंतर ते पितात. दर शनिवारी मी एक नवी बाटली आणतो, ग्लास ओला करतो, यीस्ट हलवून ओततो, आणि ते चाखतात. काहींत माल्टची गोडी फार होते, काहींत लवंग सापडतच नाही. अजून त्यांची अशी एक सापडलेली नाही. आम्ही शोधतो आहोत.

तुमच्या घरात आजारानंतर कुणाचा वास गेला असेल, तर त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या, आणि रोज दोन वेळा मसाल्याचा डबा उघडून त्यांच्यासमोर धरा. त्यांना एकटं जेवायला बसवू नका.